बँकेचे ॲप बंद न पडता फोन रूट करता येईल का, आणि मुळात करावा का?

प्रश्न : भांडुपकर

नमस्कार. माझा फोन साडेतीन वर्षांपूर्वीचा, मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. घेतला तेव्हा त्यात अँड्रॉइड १२ होते, पुढे १३ आले आणि तिथे कंपनीने हात वर केले. शेवटचे सिक्युरिटी अपडेट येऊन आता चौदा महिने झाले आहेत. बॅटरी टिकते, काच शाबूत आहे, त्यामुळे नवा फोन घेण्याचे कारण मला दिसत नाही. तक्रार आहे ती फोनमध्ये आधीपासून भरून आलेल्या ॲपांची. त्यात एक जादा ब्राउझर आहे, खेळांचे एक दुकान आहे, आणि लॉक स्क्रीनवरची चित्रे बदलण्याच्या निमित्ताने रात्री अकरा वाजता जाहिरात दाखवणारे एक ॲप आहे. या शेवटच्या ॲपच्या माहितीच्या पानावर ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच नाही, आणि ‘बंद करा’ हे बटण आहे ते फिकट करून ठेवलेले, दाबले तरी न दबणारे.

त्यात दिवाळीच्या आधी एक प्रकार घडला. वॉशिंग मशीन हप्त्यांवर मिळेल का, हे विचारताना एका दुकानाच्या काउंटरवर मी केवळ माझा मोबाइल नंबर सांगितला. त्या संध्याकाळपासून कर्ज देऊ करणारे फोन सुरू झाले, ते अजून थांबलेले नाहीत. त्यांपैकी एका बाईंना माझा पत्ता इमारतीच्या नावासकट ठाऊक होता. तेव्हापासून मनाने घेतले आहे की या फोनवर हुकूम माझा चालला पाहिजे. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की रूट केल्याखेरीज, म्हणजे फोनच्या प्रणालीवरचा सर्वोच्च अधिकार स्वतःकडे घेतल्याखेरीज, हे शक्य नाही.

म्हणून गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात बसलेल्या मुलाने हातातल्या चिमट्यावरची नजर न उचलताच सांगितले की रूट होईल, बँकेची ॲपसुद्धा चालतील, त्यासाठी एक मॉड्यूल टाकून देतो, फोन संध्याकाळपर्यंत ठेवून जा आणि जाताना स्क्रीन लॉक काढून ठेवा. ते ‘लॉक काढून ठेवा’ ऐकले आणि मी जिना उतरलो.

माझ्या फोनवर पगाराच्या खात्याचे ॲप आहे, यूपीआयची दोन ॲप आहेत, लोकलचा पास आहे आणि आईच्या पेन्शनची कामेही याच फोनवरून होतात. हे सर्व चालू राहून फोन रूट करता येतो का? ॲपला फोन रूट केलेला आहे हे कळते तरी कसे? आणि रूट केल्याने माझी माहिती बाहेर जाणे खरोखर थांबेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : रिकामा डबा

जिना उतरलात, हे उत्तम केलेत. आता प्रश्नाकडे.

फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. कंपनीची सही असलेली प्रणालीच सुरू करायची, अशी ताकीद त्याला दिलेली असते. रूट करायचे तर आधी हे कुलूप उघडावे लागते. काही कंपन्या ते उघडू देतात, काही अर्ज करून काही दिवस थांबायला लावतात आणि काही कंपन्या सोयच ठेवत नाहीत. कुलूप उघडताक्षणी फोनमधला सर्व मजकूर पुसला जातो. ही अडवणूक नव्हे. चोरलेल्या फोनचे कुलूप उघडून कोणी आतले फोटो वाचू नयेत, म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. त्यानंतर मॅजिस्कसारख्या रूट मिळवून देणाऱ्या साधनाने बूटची प्रतिमा, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, थोडी बदलून टाकली जाते. मॅजिस्क २०१६ मध्ये आले. मूळ प्रणालीच्या फायलींना हात न लावता रूट देता येते, हे त्याचे वैशिष्ट्य, आणि म्हणूनच लपूनही राहता येते, अशी त्याची ख्याती झाली.

लपण्याची ती गोष्ट मात्र आता बरीचशी इतिहासजमा झाली आहे. पूर्वी बँकेचे ॲप फोनमध्ये रूटचा अधिकार देणारी ‘एसयू’ नावाची फाइल शोधत असे किंवा मॅजिस्कचे ॲप टाकलेले आहे का, ते पाहत असे. मॅजिस्क त्या ॲपसमोर ती फाइल झाकून ठेवी. अनेक वर्षे हा लपंडाव चालला. २०२१ मध्ये मॅजिस्कचे कर्ते जॉन वू स्वतःच गूगलमध्ये नोकरीस लागले आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीतून लपवण्याची ती सोय काढून टाकण्यात आली. इतरांनी तशा सोयी पुढे चालू ठेवल्या, पण दरम्यान विचारणाच बदलली. फोनमधल्या मुख्य चिपमध्ये एक वेगळा, बंदिस्त कप्पा असतो आणि त्यात कारखान्यातच ठेवलेली एक गुप्त किल्ली असते. ‘बूटलोडरचे कुलूप बंद आहे का’ या प्रश्नाचे उत्तर आता त्या कप्प्यातून, त्या किल्लीची सही होऊन येते. सोसायटीच्या वॉचमनला ‘वर कोण राहतो’ असे न विचारता थेट निबंधक कार्यालयाच्या शिक्क्याचा उतारा मागावा, तसे हे आहे. वॉचमनला पटवता येते, शिक्का सहजासहजी बनवता येत नाही.

गूगलची सेफ्टीनेट ही जुनी तपासणी २०२५ मध्ये बंद झाली आणि तिची जागा प्ले इंटेग्रिटीने घेतली. तीत तीन पायऱ्या आहेत : बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. कोणती पायरी पुरेशी मानायची, हे ॲप बनवणारा ठरवतो. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर मधल्या पायरीसाठीसुद्धा चिपच्या सहीचा आधार घेतला जातो, आणि स्ट्राँगसाठी गेल्या वर्षभरातले सिक्युरिटी अपडेट असावे लागते. आता तुमचे चौदा महिने आठवा. रूट न करताच तुमचा फोन सर्वांत वरच्या पायरीवरून खाली उतरलेला आहे. तुमची बँक उद्या स्ट्राँग मागू लागली, तर काहीही वावगे न करता तुमचे ॲप बंद पडेल.

उलट बाजूही सांगतो, कारण ती मला खटकते. अँड्रॉइड ९ वर अडकलेला, अनेक वर्षांत एकही अपडेट न मिळालेला, पण कुलूपबंद फोन मधली पायरी आरामात पार करतो. त्याच जातीच्या फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली स्वतंत्र प्रणाली घालून या महिन्याचे सिक्युरिटी पॅच घेतले, तर तो नापास होतो. म्हणजे तपासले जाते ते फोन कंपनीने दिला त्या अवस्थेत आहे का, एवढेच. तो सुरक्षित आहे का, हा प्रश्न वेगळाच राहतो.

दुकानातल्या ‘मॉड्यूल’बद्दल. बहुतेक वेळा त्यात कुठल्यातरी दुसऱ्या फोनमधून बाहेर फुटलेली किल्ली असते, आणि तुमच्या फोनच्या वतीने ती सही करते. अशा किल्ल्या गूगलच्या लक्षात आल्या की त्या रद्द केलेल्यांच्या यादीत जातात. मग एके दिवशी सकाळी तिकिटाच्या रांगेत यूपीआय उघडत नाही आणि पुन्हा जिना चढावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट ही की ते मॉड्यूल फोनमधल्या सर्वोच्च अधिकाराने चालते. ॲपांनी माहिती नेऊ नये म्हणून ज्याला आणायचे, त्यालाच सर्व ॲपांची माहिती वाचण्याचा अधिकार द्यायचा, हे कुंपणाने शेत खाण्यासारखे झाले.

इतर नुकसान थोडक्यात. सॅमसंगच्या फोनमध्ये कुलूप उघडून बाहेरची प्रणाली घातली की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेची एक खूण कायमची जळते. पुढे मूळ प्रणाली परत घातली तरी सिक्युअर फोल्डर हा खाजगी फायलींचा कप्पा चालत नाही. अनेक फोनांवर चित्रपटांची ॲप उच्च दर्जाचे चित्र देणे थांबवतात. कंपनीची अपडेट नीट बसत नाहीत. आणि कुलूप उघडे असलेला फोन विरार लोकलच्या दारात कोणी मारला, तर बदललेली प्रणाली आत घालणे चोराला सोपे जाते.

आता, तुम्हाला जे हवे आहे त्यातले बरेचसे रूटशिवाय होते. फोन केबलने संगणकाला जोडून, डेव्हलपर ऑप्शन्समधले यूएसबी डीबगिंग सुरू करून, एडीबी या, संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने ते रात्री अकराचे ॲप तुमच्या वापरकर्ता खात्यापुरते काढून टाकता येते. ते फोनच्या मूळ कप्प्यात राहते, म्हणून जागा मोकळी होत नाही आणि फॅक्टरी रीसेट केल्यास परत येते. पण ते चालत नाही, जाहिरात दाखवत नाही, आणि बूटलोडरला हात लागलेला नसतो. कोणत्या ॲपने इंटरनेट वापरायचे, हे ठरवण्यासाठी नेटगार्ड किंवा रीथिंक घ्या. ही ॲप फोनमधल्या व्हीपीएनची जागा वापरून फायरवॉलचे काम करतात. जाहिराती अडवण्यासाठी प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर निवडण्याची सोय, आहे, जे अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्येच मिळते. जाहिरातींची ओळख, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी, तुमच्या फोनवर कायमची पुसता येते. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लपवण्यासाठी रूट करावे, असेही कोणी सांगेल. अँड्रॉइड १० पासून सामान्य ॲपला आयएमईआय वाचताच येत नाही.

एक सूचना : काम झाले की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा. काही बँकांची ॲप तेवढ्यावरूनही रुसतात. काही व्हीपीएन दिसले तरी रुसतात.

प्रतिसाद : अनघा, गिरगाव

मी एका बँकेच्या माहिती सुरक्षा विभागात काम करते. बँकेचे नाव सांगणार नाही, आणि हे मत माझे स्वतःचे आहे. वरचा प्रतिसाद तांत्रिक बाजूने योग्यच आहे, परंतु ‘बँका उगाच अडवतात’ असा त्याचा अर्थ कोणी काढू नये म्हणून आमची बाजू मांडते.

रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंटच्या सुरक्षा नियंत्रणांबाबत मुख्य निर्देश काढले. फोन रूट किंवा जेलब्रेक (म्हणजे आयफोनवरचे तसेच काम) केलेला आहे का, हे ॲप टाकण्यापूर्वी तपासण्याची आणि तसे आढळल्यास ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी अजमावून पाहावी, असे त्यात म्हटलेले आहे. शब्द ‘शक्यता अजमावावी’ असे आहेत. पण ज्या खोलीत लेखापरीक्षक समोर बसलेला असतो, तिथे ‘अजमावून पाहिले आणि केले नाही’ असे लिहून सही करणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. दूरस्थ नियंत्रणाची ॲप ओळखून लॉगिन रोखणे, हेही त्याच निर्देशांमधले आहे. वीजबिल थकल्याचा संदेश पाठवून आणि स्क्रीन पाहणारे ॲप टाकायला लावून ज्येष्ठांची खाती रिकामी केली जातात, अशी प्रकरणे आमच्या टेबलावर येतात, तेव्हा या नियमामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रूटचा धोका कुठे आहे, ते नेमके समजून घ्या. यूपीआयची नोंदणी करताना तुमच्या फोनमधल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस जातो आणि तुमचा नंबर, सिम व तो विशिष्ट फोन यांची गाठ बांधली जाते. पिनचा पडदाही तुमच्या यूपीआय ॲपचा नसतो. तो यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सामायिक घटकाकडून येतो आणि पिन तिथेच कुलूपबंद होऊन पुढे जातो, ज्यामुळे ॲपवाल्याला तो दिसू नये. ही सर्व रचना एका गृहीतकावर उभी आहे : फोनमधले एक ॲप दुसऱ्या ॲपच्या घरात डोकावू शकत नाही. रूट नेमके तेच गृहीतक मोडते. तुम्ही स्वतः काळजीपूर्वक वागत असाल, पण ज्या प्रोग्रॅमला एकदा रूटचा अधिकार मिळाला, तो एसएमएस वाचू शकतो, पडदा वाचू शकतो आणि बोट कुठे टेकले तेही वाचू शकतो.

पैशाच्या जबाबदारीचाही विचार करा. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य असते. नुकसान ग्राहकाच्या हलगर्जीपणाने झाले असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे हे खरे, परंतु तपासणी चुकवण्यासाठी मॉड्यूल बसवलेला फोन समोर आला, तर बँकेचे काम आपणच सोपे करून दिले, असे होईल.

असे असले तरी एक कबुली देते. डेव्हलपर ऑप्शन्स सुरू आहेत एवढ्यावरून ॲप बंद करणे मला स्वतःला अतिरेकी वाटते. तो निर्णय अनेकदा विचारपूर्वक घेतलेला नसतो. बाहेरून विकत घेतलेल्या सुरक्षा संचात तो चौकोन आधीच टिक केलेला असतो, आणि तो काढायचा तर कारण लेखी द्यावे लागते.

प्रतिसाद : स्लो लोकल

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि मान्य नाहीत. म्हणजे माहिती मान्य आहे, निष्कर्ष नाही.

आपल्याकडे शेकडो इमारती अशा आहेत की फ्लॅट तुमच्या नावावर, कर्जाचे हप्ते तुम्ही फेडलेले, पण कन्व्हेयन्स झालेले नाही, म्हणून खालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर. आपले फोन असेच आहेत. पैसे भरून घेतलेल्या वस्तूवर कोणता प्रोग्रॅम चालावा, हे विकणारा ठरवतो, आणि मी ते बदलले तर माझ्या स्वतःच्या पैशांपर्यंतची वाट बंद होते. त्याला सुरक्षितता म्हणण्याआधी थोडा विचार करावा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला, तेव्हा गूगलची आधीपासून घातलेली ॲप काढून टाकण्यास वापरकर्त्याला मज्जाव नसावा, हाही त्या आदेशातला एक मुद्दा होता. धागाकर्त्याचे ते फिकट बटण मला त्यावरून आठवले.

शिवाय रूट आणि स्वतंत्र प्रणाली यांची येथे गल्लत होते आहे. ग्राफीनओएस ही प्रणाली गूगलच्या पिक्सेल फोनांवर चालते, तीत रूट नसते, आणि ती बसवल्यावर बूटलोडरचे कुलूप तिच्या स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करता येते. वर सांगितलेल्या चिपच्या सहीतूनच ही प्रणाली अस्सल असल्याची खात्री ॲपला करून घेता येते आणि ती कशी करावी, हे त्या प्रकल्पाने लिहूनही ठेवले आहे. गूगलच्या मधल्या पायरीवर मात्र ती बसत नाही, आणि बँकांना तेवढेच ठाऊक असते.

आता मी स्वतः काय केले, ते सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मी सहा वर्षे रूट केलेला फोन एकमेव फोन म्हणून वापरला. गेल्या नोव्हेंबरमध्ये दादांचा, म्हणजे वडिलांचा, हयातीचा दाखला घरूनच द्यावा म्हणून चेहरा ओळखणारे ॲप माझ्या फोनवर टाकले. दादांना खिडकीपाशी उजेडात बसवले, चष्मा काढायला लावला, पापण्या मिटा-उघडा करायला लावल्या, आणि प्रत्येक वेळी फोन विश्वासार्ह नाही असा संदेश आला. चौथ्या खेपेला दादांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “तुझ्या फोनला मी जिवंत वाटत नसेन, तर बँकेत जाऊन दाखवतो.” दोष माझ्या फोनचा होता, त्यांचा किंवा ॲपचा नव्हे. आता माझ्याकडे दोन फोन आहेत.

प्रतिसाद : रिकामा डबा

कन्व्हेयन्सचा दृष्टान्त पटला. पण शेवटी दोन फोनांवर तुम्हीही आलातच!

प्रतिसाद : भांडुपकर

सर्वांचे आभार. आईची पेन्शन माझ्याच फोनवर असल्यामुळे स्लो लोकल यांचा नोव्हेंबर मला नको आहे, तेव्हा या फोनचा बूटलोडर उघडायचा नाही, हे ठरले. एडीबीचा मार्ग या रविवारी करून पाहतो. मात्र माझा तिसरा प्रश्न बाजूला राहिला. त्या कर्जवाल्या बाईंना माझा पत्ता कसा कळला? फायरवॉल लावून तो प्रकार थांबेल का?

प्रतिसाद : पागडीवाला

थांबणार नाही. तुमचा पत्ता फोनमधून गेलेला नाही, तो नंबरावरून सापडला असणार. वरची चर्चा उपयुक्त आहे, पण ती यंत्राची चर्चा आहे. आपल्याकडे माणसाची डिजिटल ओळख यंत्रात नसून त्या दहा आकड्यांत आहे. बँक, आधार, गॅस, सोसायटीच्या फाटकावरचे पाहुण्यांच्या नोंदीचे ॲप, केमिस्टचे बिल, मॉलमधले पार्किंग, सर्व ठिकाणी आपण तेच दहा आकडे देतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्या आकड्यांसोबत आणखी एक गोष्ट ठेवून येतो. एकाकडे पत्ता, दुसऱ्याकडे जन्मतारीख, तिसऱ्याकडे औषधे. दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की नंबराच्या दोऱ्यात सर्व ओवले जाते. तुमच्या बाबतीत कोणत्या दोन याद्या जुळल्या, हे मी सांगू शकत नाही, पण फोन रूट करून कुठलीच यादी पुसली जात नाही, हे नक्की.

म्हणून दोन नंबर ठेवावेत, हे माझे पहिले सांगणे. बँक, आधार आणि पेन्शन यांचा नंबर कोणत्याही काउंटरवर उच्चारू नये. दुसरा स्वस्त रिचार्जचा नंबर जगासाठी. मात्र तो सोडून देताना सावध राहा : बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि तोवर तो कुठे कुठे जोडलेला होता, हे आपल्यालाही आठवत नाही. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. माझ्या नावावर एक निघाली होती, जी मी कधी घेतलेली नव्हती. ती तिथूनच ‘माझी नाही’ म्हणून कळवली.

दुसरे, आधारच्या प्रती. आमच्या स्टेशनबाहेर झेरॉक्सचे दुकान आहे. काचेवर व्हॉट्सॲपचा नंबर चिकटवलेला, त्यावर पीडीएफ पाठवायची, मुलगा प्रिंट काढून देतो. मध्यंतरी माझ्या प्रिंटची वाट पाहत उभा असताना त्या संगणकाच्या पडद्यावर नजर गेली. डावीकडे अनोळखी नंबरांची लांब रांग, उजवीकडे कुणाचे आधार, त्याखाली कुणाचे पॅन, त्याखाली कुणाचा भाडेकरार, पहिल्या पानावर दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे. मुलाने माऊसचे चाक फिरवले आणि आठवड्याभराची भांडुप ते मुलुंड डोळ्यांसमोरून गेली. आपण फोनमध्ये परवानग्या नाकारत बसतो आणि सर्वांत महत्त्वाचा कागद दोन रुपयांच्या प्रिंटसाठी अनोळखी संगणकावर ठेवून येतो.

त्यावर उपाय आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवता येते, ज्यात केवळ शेवटचे चार आकडे दिसतात. पडताळणीसाठी मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी देण्याची सोय २०१८ पासून आहे आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख कुलूपबंद करता येते. कोणत्या दिवशी कोणत्या पद्धतीने आपल्या आधारची पडताळणी झाली, तो इतिहासही तिथेच दिसतो. गंमत अशी की मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्याच बंगळूरु कार्यालयाने ‘आधारची छायाप्रत कुणाला देऊ नका, मास्क्ड प्रत द्या’ असे आवाहन केले, आणि त्याचा गैरअर्थ निघू शकतो म्हणून सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. आवाहन मागे गेले, सोय मात्र जागेवर आहे. ती वापरावी.

कायद्याबद्दल थोडेसे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, परंतु कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास तिथून अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. म्हणजे त्या बाईंना ‘माझा पत्ता कुठून मिळाला’ असे कायद्याच्या भाषेत विचारण्यासाठी अजून थोडे थांबावे लागेल. कर्जाच्या ॲपांबाबत मात्र रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासूनच आहेत : फोनमधल्या फायली, संपर्कांची यादी आणि कॉलची नोंद यांना त्यांनी हात लावायचा नाही. एखादे ॲप संपर्क मागत असेल, तर परवानगी नाकारून थांबू नका, ते ॲपच काढून टाका.

अवांतर : रूट करून आयएमईआय बदलून देतो, असे सांगणारेही बाजारात भेटतात. रूट करणे हा गुन्हा नाही. आयएमईआयशी छेडछाड करणे मात्र आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

प्रतिसाद : भांडुपकर

रविवारचा वृत्तान्त देतो. एडीबीने एकूण अकरा ॲप काढली. रात्री अकराचे ॲप गेले, खेळांचे दुकान गेले. त्यानंतर बँकेचे ॲप उघडेना. रिकामा डबा यांनी सांगितल्याप्रमाणे डेव्हलपर ऑप्शन्स बंद केल्यावर ते उघडले. रीथिंक लावल्यावर यूपीआयच्या एका ॲपने कुरकुर केली, म्हणून त्या ॲपला फायरवॉलमधून वगळले आणि ते चालू लागले. कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर, सिम न घालता, लिनिएजओएस बसवून पाहायचे ठरवले आहे. तेवढ्यापुरता माझा हुकूम चालेल. जगासाठीचे दुसरे सिमही घेतले. त्या दुकानदाराने पहिल्या मिनिटातच विचारले, “पर्यायी नंबर कोणता लिहू?” आणि मी सवयीने जुना सांगून मोकळा झालो.

एक अडचण उरली आहे. अकरांपैकी एक ॲप कंपनीचे व्हिडिओ प्लेयर होते. ते गेल्यापासून गॅलरीतल्या चित्रफितीवर बोट ठेवले की पडदा क्षणभर काळा होतो आणि गॅलरी बंद पडते. दुसरा प्लेयर टाकला, तरी गॅलरी जुन्यालाच शोधते. फॅक्टरी रीसेट न करता ते एकच ॲप परत आणता येईल का?

प्रतिसाद : रिकामा डबा

येईल. ॲप मूळ कप्प्यात आहेच, तुमच्या खात्यासाठी ते पुन्हा बसवायचे आहे. डेव्हलपर ऑप्शन्स पुन्हा सुरू करा, केबल जोडा आणि एडीबीमध्ये पॅकेज मॅनेजरची ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ ही आज्ञा त्या पॅकेजच्या नावासह द्या. नाव लिहून ठेवले नसेल, तर काढलेल्या ॲपांसकट पूर्ण यादी मागवा, त्यात सापडेल. झाले की डेव्हलपर ऑप्शन्स आठवणीने बंद करा, नाहीतर सोमवारी सकाळी पुन्हा बँकेचे ॲप उघडणार नाही.